सडक अर्जुनीतला आफ्रिकेचा तास

गोंदिया जिल्ह्यात आफ्रिकेचा इतिहास शिकवायला चालले आहे, असं सांगितल्यावर पुण्यातल्या आमच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "तिकडे कोण घेणार हा विषय?" दुसरा आला, "गोंदिया नक्की कुठे येतं?" दोन्हींची धड उत्तरं तेव्हा माझ्याकडे नव्हती. महाराष्ट्राचा नकाशा मी वर्गात हजार वेळा टांगला असेल, पण माझं बोट नागपूरच्या पलीकडे फारसं गेलेलं नव्हतं.

बोलावणं आलं होतं बिसेन सरांचं. सडक अर्जुनीच्या एका छोट्या कॉलेजात ते इतिहास शिकवतात. 'आफ्रिका आणि जगभर विखुरलेले आफ्रिकी समाज' या ऐच्छिक विषयाचा मी तयार केलेला अभ्यासक्रम त्यांना इंटरनेटवर सापडला. तो त्यांनी आपल्या कॉलेजात मंजूर करून घेतला आणि मग फोन केला. "मॅडम, विषय मंजूर झाला, पण पोरं नाहीत. पंधरा झाले तर सुरू होईल, असा नियम आहे. नऊ आहेत. शनिवारी यादी बंद होते. तुम्ही येऊन दोन व्याख्यानं द्या जी, पोरं वाढतील."

मी एकटी गेले नाही. धारवाडला समाजशास्त्र शिकवणाऱ्या ॲग्नेस सिद्दीला सोबत घेतलं. ॲग्नेस येल्लापूरकडच्या जंगलातल्या सिद्दी वस्तीत वाढली. पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून आफ्रिकेतून गोव्यात आणलेली आणि तिथून घाटात पळून गेलेली माणसं हे तिचे पूर्वज. घरी ती कोकणी बोलते, आणि बेळगावात शिकल्यामुळे मराठी माझ्याइतकीच चांगली. सात-आठ वर्षांची आमची मैत्री आहे, पण एकत्र प्रवास हा पहिलाच.

गोंदिया, बुधवार

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. स्टेशनाबाहेर पडलो तर हवेत चांगलाच गारठा आणि राइस मिलच्या कोंड्याचा वास. कानावर पडत होती ती हिंदी. रिक्षावाला हिंदीत बोलला, चहावाला हिंदीत बोलला, आणि मी मराठीत उत्तर दिल्यावर दोघंही सहज मराठीवर आले.

लॉजच्या काउंटरवर मॅनेजरनं माझं आधार कार्ड न बघताच बाजूला ठेवलं आणि ॲग्नेसकडे बघून म्हणाला, "मॅडम का पासपोर्ट लगेगा. फॉरेनर का फॉर्म भरना पड़ता है."

ॲग्नेसनं आपलं आधार पुढे केलं. त्यानं ते उलटंपालटं केलं, उजेडात धरलं आणि मालकाला फोन लावायला लागला. माझा पारा चढला. मी मोठ्या आवाजात सुरू केलं, की या भारतीय आहेत, प्राध्यापक आहेत, पीएच.डी. आहेत, तुम्ही काय समजता वगैरे. मागे दोन धान्य व्यापारी उभे होते, तेही ऐकायला लागले.

ॲग्नेसनं माझ्या हातावर हात ठेवला आणि मॅनेजरला म्हणाली, "भैया, फोन बाद में करो. पहले कार्ड पढ़ो. ज़ोर से."

त्यानं वाचलं. नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, कर्नाटक. तो ओशाळला. "कर्नाटक में ऐसे लोग भी रहते हैं?"

"कितनी पीढ़ियों से, वो मेरे दादा को भी पता नहीं था."

खोली मिळाली. पाच मिनिटांत त्यानं न मागता दोन चहाही वर पाठवले. मला वाटलं, प्रकरण मिटलं. समोरच्या टपरीवर तर्री घातलेले पोहे खाताना मी त्याच तोऱ्यात म्हटलं, "बरं झालं, सुनावलं त्याला."

ॲग्नेस पोह्यांतली मिरची बाजूला काढत होती. "ताई, एक सांगू? तुम्ही म्हणालात मी प्राध्यापक आहे. माझी बहीण एका घरी स्वयंपाक करते. तिला पासपोर्ट मागितला असता तर चाललं असतं का?"

ती पुढे म्हणाली, "आणि मी शेजारीच उभी होते. मला बोलता येतं." मग तिनं आणखी एक प्लेट मागवली आणि विषय बदलला. मला मात्र ते पोहे संपवायला वेळ लागला.

सडक अर्जुनी, गुरुवार

गोंदियाहून कोहमाऱ्यापर्यंत एसटीनं गेलो. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, मधूनमधून तलाव, त्यांवर धुकं. पुण्याहून येणाऱ्या माणसाला इतकं पाणी बघून आश्चर्य वाटतं. कोहमाऱ्याला नागपूर-रायपूर हायवे लागतो आणि चित्र एकदम बदलतं. ट्रक, ढाबे, टायरची दुकानं. बिसेन सर तिथे त्यांची जुनी गाडी घेऊन उभे होते. चाळिशीचे, उंच, बोलताना सतत चष्मा पुसणारे. ते पोवार समाजाचे. त्यांचे पूर्वज माळव्यातून आले, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं, आणि घरी अजून पोवारीच बोलतो हेही.

प्राचार्यांनी शाल-श्रीफळ देऊन आमचं स्वागत केलं आणि लगेच मुद्द्यावर आले. पुण्यात हाच माणूस आधी वीस मिनिटं हवापाण्यावर बोलला असता. "मॅडम, खरं सांगतो, राग मानू नका. पोरांना कॉम्प्युटर पाहिजे, टॅली पाहिजे. इथून शिकून बाहेर पडला की नोकरी लागली पाहिजे. आफ्रिका कायले?"

मी म्हटलं, "व्याख्यान ऐका, मग ठरवा."

व्याख्यान पडलं. दुसरा शब्द नाही. साठेक मुलंमुली होती. मी पश्चिम आफ्रिकेतली जुनी राज्यं, सोन्याचा व्यापार, वाळवंटातले काफिले, अटलांटिक ओलांडणारी गुलामांची जहाजं हे सगळं व्यवस्थित मांडलं. पुण्यात याच व्याख्यानाला मुलं टिपणं घेतात. इथे ती शांत बसून राहिली. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर एका मुलानं विचारलं, "मॅडम, हे पेपरात किती मार्काले येईल?"

मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तेलकट वेणी, निळा स्वेटर. "मॅडम, तुम्ही राजे सांगितले, जहाज सांगितले. ते लोकं खाऊन काय राहिले होते?"

वर्ग हसला. मी सांगितलं, "बरेच जण भात खायचे. पश्चिम आफ्रिकेत भाताची स्वतःची जात होती. आणि अमेरिकेत कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर दलदलीत भातशेती सुरू झाली, तेव्हा मळेवाल्यांना ती येत नव्हती. भात पिकवणाऱ्या मुलखातले गुलाम त्यांनी मुद्दाम विकत घेतले."

मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. "धान?" कोणीतरी म्हणालं.

"हो, धान."

"रोवणी करत होते का आवत्या?" तीच मुलगी. आवत्या म्हणजे रोपं न लावता बी थेट शेतात पेरायचं, हे मला बिसेन सरांनी हळूच सांगितलं.

मी बारा वर्षं हे शिकवते आहे. 'आफ्रिकी लोकांचे भातशेतीचे ज्ञान' हे वाक्य माझ्या अभ्यासक्रमात ठळक अक्षरांत आहे. पण ते ज्ञान म्हणजे नेमकं काय, बी कसं टाकायचे, पाणी कसं धरायचे, हे मी स्वतःला कधी विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

त्यानंतर प्रश्नांची रांग लागली. बांध मातीचा की लाकडाचा? आधी पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे का? धान बाया कुटायच्या की माणसं? निम्म्या प्रश्नांना मी "माहीत नाही" म्हणत होते. मग ॲग्नेस उठली. तिनं आफ्रिकेचं काहीच सांगितलं नाही. घाटात तिच्या घरच्या शेतात भात कसा लावतात, ते सांगितलं. आजा-पणजांनी झाडी तोडून केलेल्या तुकड्यावर वनखात्याची नोटीस कशी येते, ते सांगितलं. शाळेत तिच्या कुरळ्या केसांत मुलं पेन्सिली कशी खोचायची, तेही सांगितलं, अगदी हवामान सांगावं तशा आवाजात. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

प्राचार्यांनाही ते आवडलं असावं, कारण बाहेर आल्यावर ते ॲग्नेसला उत्साहानं म्हणाले, "मॅडम, शनिवारी आमचा सांस्कृतिक कार्यक्रम आहे. तुमच्या लोकांचं ते नृत्य असतं ना, तेवढं करून दाखवा."

मी तोंड उघडलं आणि बुधवार आठवून मिटलं. ॲग्नेस म्हणाली, "सर, मी समाजशास्त्र शिकवते. व्याख्यान आणखी एक देईन."

"हो, हो, तेही चालेल," प्राचार्य गडबडीनं म्हणाले.

आम्ही गाडीकडे निघालो तशी ती निळ्या स्वेटरवाली मुलगी मागून धावत आली. तिचं नाव उर्मिला सलामे. गाव देवरी तालुक्यातलं चिचगड. इथे मुलींच्या वसतिगृहात राहते. "मॅडम, मले हा विषय घ्यायचा आहे. पण बाबानं कॉम्प्युटर सांगितलं. तुम्ही उद्या घरी येता का? बाबाशी बोलता का?"

मी बिसेन सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "हुशार पोट्टी आहे. जाऊ या."

त्या संध्याकाळी गोंदियाच्या लॉजवर परतल्यावर मी बॅगेतला एक जुना लेख पुन्हा काढला. पूर्वी वाचला होता, पण टोचणी लागल्यासारखा कधी वाचला नव्हता. उर्मिलाच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच होतं, दुसऱ्याच पानावर.

चिचगड, शुक्रवार

देवरी सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल सुरू झालं. चिचगडला पोचलो तेव्हा उर्मिलाच्या घरासमोरच्या खळ्यात भारी, म्हणजे उशिरा येणाऱ्या, धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, चालू होती. तिचे वडील अंगावरचा भुसा झटकत पुढे आले. सलामे बाबा बारीक अंगाचे, कमी बोलणारे. शेती थोडी, बाकी उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मोहफूल. तांब्याभर पाणी आलं, खाट टाकली गेली.

बोलायला सुरुवात केली ती उर्मिलाच्या आत्यानं. फुलाबाई तिचं नाव. ती सरळ ॲग्नेससमोर येऊन बसली आणि निरखून पाहत म्हणाली, "तू कोणाची व?"

"सिद्दी. कर्नाटकातली."

"तुमचे देव किती?"

मला वाटलं, धर्माची चौकशी आहे. पण सलामे गोंड, आणि गोंडांमध्ये हा प्रश्न कुळाचा असतो. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे अशी घराणी असतात आणि सोयरीक जुळवताना ते आधी पाहतात. ॲग्नेसला हे माहीत नव्हतं. ती ख्रिस्ती. तिनं सरळ सांगितलं, "एक."

फुलाबाई थक्क झाली. "सगळ्याइले मिळून एक? मंग लगन कोणाशी लावता?"

उर्मिलानं हसत हसत समजावलं, तेव्हा ॲग्नेस इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दोघींचा अर्धा तास त्यातच गेला. एकाच आडनावात लग्न करत नाही, मामाच्या घरची मुलगी चालते का, लग्नात पाणी कोण आणतं. मी आणि बिसेन सर नुसते ऐकत होतो. लॉजवर, बसमध्ये, कॉलेजात, सगळ्यांनी ॲग्नेसला कुठल्या देशाची म्हणून विचारलं होतं. कुणाशी सोयरीक होते, हे इथे पहिल्यांदा विचारलं गेलं.

जेवायला भात, लाखोळीची डाळ, तलावातल्या बारीक मासळीचा झणझणीत रस्सा आणि अंबाडीची चटणी. पुण्यात आम्ही भात शेवटी घेतो, चवीपुरता. इथे ताटात आधी भाताचा डोंगर पडतो आणि बाकीचं त्याच्या कडेनं बसतं. मी अर्ध्यावर थांबले तर फुलाबाईनं विचारलं, "आजारी आहे का व ही?"

जेवणानंतर मी सलामे बाबांना लेखात वाचलेलं सांगितलं. कॅरोलायनातले ते आफ्रिकी लोक टाचेनं मातीत खळगा करायचे, त्यात बी टाकायचे आणि टाचेनंच माती लोटायचे. "तुमच्या मुलीनं रोवणी का आवत्या असं विचारलं होतं. हे आवत्या झालं ना?"

बाबांनी मान हलवली. "नाही जी. आवत्या म्हणजे फेकून. हे टोकण झालं." ते उठले आणि खळ्याच्या कडेला मऊ मातीत अनवाणी टाच दाबून पाहिली, एकदा, दोनदा, मग पाय फिरवून माती सारली. "होते. पण माती ओली पाहिजे. आणि पाय दुखत असन दिवसभर." ते परत येऊन बसले. "हे लोकं विकत आणलेले?"

"हो."

"आणि धान कोणाचा?"

"मालकाचा."

त्यांनी टाचेला लागलेली माती झटकली. मग ॲग्नेसला विचारलं, "तुमच्याइले कोणी आणलं?"

तिनं थोडक्यात सांगितलं. जहाज, गोवा, विक्री, घाटातलं जंगल.

"जंगल होतं म्हणून वाचले," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "हे यांचं तुमच्या पुस्तकात आहे?"

खोटं बोलता आलं असतं. पण समोर ॲग्नेस बसली होती. "आहे," मी म्हटलं, "शेवटच्या प्रकरणात. शेवटचा मुद्दा. वेळ उरला तर शिकवायचा."

"शेवटी काऊन? इथलेच तर आहेत."

मी ॲग्नेसकडे पाहिलं. ती खाली बघून नखातला भुसा काढत होती. सात-आठ वर्षांच्या मैत्रीत तिनं माझा अभ्यासक्रम दोनदा तपासून दिला होता आणि याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

विषय घेण्याबद्दल बाबांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. निघताना फुलाबाईनं ॲग्नेसच्या ओटीत पसाभर नवे तांदूळ घातले. परतताना गाडीत मी तिला म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

ती म्हणाली, "मी सांगून बदललं असतंत, तर ते तुम्ही माझ्यावर उपकार म्हणून केलं असतं."

सडक अर्जुनी, शनिवार

सकाळी ॲग्नेसचं दुसरं व्याख्यान झालं आणि दुपारपर्यंत यादीत बारा नावं होती. प्राचार्यांच्या खोलीत कोपऱ्यात बसून बिसेन सर चष्मा पुसत होते. मार्कांचं विचारणाऱ्या मुलानं नाव घातलं होतं, हे मला अनपेक्षित होतं. "धानाचं असलं तर मले येते," असं त्यानं कारण दिलं. उर्मिलाचं नाव नव्हतं.

दोनच्या सुमारास सलामे बाबा आले. धुतलेला पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, एसटीची धूळ. मागे उर्मिला. ते सरळ प्राचार्यांच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "पोरीचा विषय बदलायचा आहे. सही कुठं करू?"

प्राचार्यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांचा स्वर खरोखर काळजीचा होता. "बाबा, कॉम्प्युटर सोडू नका. पुढं कामी येईल. आफ्रिका शिकून पोरगी का करन?"

बाबांनी विचार करून उत्तर दिलं. "साहेब, कॉम्प्युटर मले समजत नाही. तिनं शिकलं तरी मी काही विचारू शकत नाही. हे मले समजते. ती शिकन, घरी येईन, मले सांगन. मी सांगन बरोबर का चूक."

प्राचार्यांनी सहीची जागा बोटानं दाखवली.

तेरा झाले. पंधरा झालेच नाहीत. पाच वाजता यादी बंद झाली आणि प्राचार्य म्हणाले, नियम तो नियम. बिसेन सरांचा आवाज चढला. मी गप्प राहिले, कारण नियम खरंच तसा होता. शेवटी प्राचार्यांनीच एक कोरा कागद ओढला. "विद्यापीठाला सवलतीचा अर्ज करतो. मिळाली तर एक सत्र. खात्री देत नाही." अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला. कारण काय लिहावं म्हणून त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग आपल्या मनानंच लिहिलं, 'पालकांची मागणी.'

परत आल्यावर

सवलत मिळाली, एका सत्रापुरती. पुढच्या वर्षी पंधरा झाले नाहीत तर विषय बंद. तेरा जणांपैकी एकजण मधेच पोलीस भरतीच्या तयारीला गेला. बारा राहिले.

माझ्या अभ्यासक्रमाची नवी मांडणी मी आमच्या अभ्यास मंडळापुढे ठेवली. या वेळी ती मी आणि ॲग्नेसनं मिळून केली होती, आणि वर दोघींची नावं होती. भारतातले आफ्रिकी वंशाचे लोक पहिल्या प्रकरणात, भात आणि शेतीचं ज्ञान दुसऱ्यात. मंडळानं पुढच्या वर्षी विचार करू म्हणून ती बाजूला ठेवली. एक सदस्य म्हणाले, जगाचा इतिहास असा घरापासून सुरू करत नाहीत. मी पुन्हा ठेवणार आहे.

बिसेन सर मात्र मंडळासाठी थांबले नाहीत. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला एक कागद दिला आणि 'आमचे लोक कुठून आले' एवढंच लिहायला सांगितलं. मग त्या बारा कागदांचे फोटो मला पाठवले. पोवार मुलांनी माळव्याबद्दल पान पान भरलं होतं, तलवारी आणि घोड्यांसकट. एकानं छत्तीसगडातून आलेल्या आजोबांचं लिहिलं होतं. एकीनं लिहिलं होतं, घरी विचारलं, कोणालाच माहीत नाही.

उर्मिलाच्या कागदावर दोनच ओळी होत्या.

'आम्ही कुठून आलो नाही. बाकीचे आले तेव्हा आम्ही इथंच धान कापून राहिलो होतो.'